‘हॅन्कॉक’ पाहताना प्रेक्षक कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधत असतो?

अमेरिकेत २ जुलै २००८ रोजी प्रदर्शित झालेला ‘हॅन्कॉक’ हा चित्रपट चालला की पडला, याविषयी वाद नाही. सुमारे १५ कोटी डॉलर खर्चून तयार झालेल्या या चित्रपटाने जगभरात ६२ कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला आणि विल स्मिथच्या नावावर आणखी एक मोठे यश जमा झाले. वाद आहे तो चित्रपट चांगला की वाईट याविषयी, आणि इतकी वर्षे उलटूनही तो मिटलेला नाही. एकाला त्यात सुपरहिरोच्या ठरीव साच्याला धक्का देणारी धीट गोष्ट दिसते, दुसऱ्याला एका उत्तम कल्पनेचे मातेरे झालेले दिसते, तर तिसरा म्हणतो की पूर्वार्ध पुन्हा पुन्हा पाहावा असा आहे, पण उत्तरार्धात सगळे फिसकटले.

ज्याची त्याची आवड, असे म्हणून हा विषय सोडून देता येईल. मला मात्र ते पुरेसे वाटत नाही, कारण ही मते वाटेल तशी विखुरलेली नाहीत. ती चित्रपटातल्या काही ठरावीक जागांपाशी फुटतात, आणि त्या जागा नीट पाहिल्या म्हणजे अंगी दोष असलेल्या आणि नायकपण नको असलेल्या नायकाची गोष्ट प्रेक्षकाकडून नेमके काय मागते, हे उलगडू लागते. पुढे कथेतील कलाटणीसह सर्व काही सांगितले आहे. ज्यांना चित्रपट अजून पाहायचा आहे, त्यांनी आधी तो पाहून यावे.

चित्रपटाविषयीचा वाद चित्रपटातच

लॉस एंजेलिसमध्ये जॉन हॅन्कॉक नावाचा एक माणूस राहतो. तो उडू शकतो, बंदुकीची गोळी त्याच्या अंगात शिरत नाही आणि त्याला म्हातारपण येत नाही. एवढे सगळे असूनही तो दिवसाढवळ्या रस्त्याकडेच्या बाकावर दारूच्या बाटल्यांच्या सोबतीने पडलेला असतो, आणि महामार्गावर गुंडांचा पाठलाग चालू आहे, हे एका लहान मुलाला त्याला उठवून सांगावे लागते. तो वैतागत उठतो, बाटली हातात घेऊनच उडतो, आणि गुंडांची गाडी त्यांच्यासकट उचलून एका इमारतीच्या टोकदार माथ्यावर खोचून ठेवतो. गुंड पकडले जातात, पण दरम्यान शहराचे ९० लाख डॉलरचे नुकसान झालेले असते.

यानंतरचे रेल्वे फाटकाचे दृश्य मला साऱ्या चित्रपटाची किल्ली वाटते. रे एम्ब्री नावाचा जनसंपर्क सल्लागार वाहनांच्या रांगेत नेमका रुळांवर अडकला आहे, पुढे जाता येत नाही, मागे सरता येत नाही, आणि मालगाडी येऊन ठेपली आहे. हॅन्कॉक उतरतो, रेची मोटार उचलून उलटी भिरकावतो आणि स्वतः मालगाडीसमोर उभा राहतो. इंजिन त्याच्या अंगावर चेपले जाते, मागचे डबे रूळ सोडून एकमेकांवर चढतात, आसपासच्या गाड्यांचा चुराडा होतो. रे वाचतो. गोळा झालेले लोक मात्र हॅन्कॉकवर तुटून पडतात. मोटार सरळ वर उचलून नेता आली नसती का, असे एक जण विचारतो. तोंडाला दारूचा वास येतो आहे, असे एक बाई सुनावते. हॅन्कॉक त्यांना उलट शिव्या देतो. तेवढ्यात रे पुढे होतो आणि म्हणतो, की या माणसामुळे मी आज घरी माझ्या माणसांत परत जाणार आहे.

या एका दृश्यात तीन हिशेब मांडलेले आहेत. जमाव नुकसान मोजतो, रे वाचलेला जीव मोजतो, आणि हॅन्कॉकला कोणताच हिशेब नको आहे, त्याला तिथून निघून जायचे आहे. चित्रपटगृहातला प्रेक्षकही याच क्षणी नकळत या तिघांपैकी कोणाच्या तरी शेजारी जाऊन उभा राहतो, आणि पुढे त्याचे जे मत होते, त्याची सुरुवात बहुतेकदा इथेच झालेली असते.

दोष असणे वेगळे, नको म्हणणे वेगळे

अशा चित्रपटांविषयी बोलताना ‘सदोष’ आणि ‘नाखूश’ हे दोन शब्द जोडीने येतात, पण त्यांचे अर्थ वेगळे आहेत. दोष हा वागण्यात असतो. नाखुशी ही भूमिकेविषयी असते, म्हणजे जे काम वाट्याला आले आहे, ते आपले आहे असेच त्या माणसाला वाटत नसते.

नको म्हणण्यालाही अनेक कारणे असू शकतात. जांबवंताने आठवण करून देईपर्यंत हनुमंताला स्वतःच्या बळाचाच विसर पडलेला असतो. अर्जुनाला बळाचा विसर पडलेला नसतो, पण ते वापरणे योग्य की अयोग्य, या विचाराने त्याचे गांडीव गळून पडते. ग्रीक महाकाव्यातला अकिलीस अपमान सहन न झाल्याने युद्धातून अंग काढून घेतो. म्हणजे नाखूश नायक ही काही हॉलीवूडची नवलाई नाही. माणसाने वीरकथा सांगायला सुरुवात केली, तेव्हापासून तो आपल्यासोबत आहे.

चित्रकथांमधला सुपरहिरो मात्र बराच काळ याला अपवाद होता. १९३८ मध्ये अवतरलेला सुपरमॅन मदतीला जाऊ की नको, असा विचार करत बसत नाही. पुढे १९५४ मध्ये अमेरिकी चित्रकथा-प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेल्या आचारसंहितेने तर प्रत्येक वेळी सत्प्रवृत्तीचाच विजय व्हावा आणि पोलीस, न्यायाधीश यांच्याविषयी अनादर वाटेल असे चित्रण होऊ नये, असे नियमच घालून दिले. त्या चौकटीत राहूनही १९६२ मध्ये स्पायडरमॅन आला आणि अपराधभावाने कुरतडला जाणारा, घरभाड्याची चिंता करणारा नायक वाचकांना मिळाला. तरीही त्याची अडचण मुख्यतः परिस्थितीची होती. स्वभावाने तो भला मुलगा होता. हॅन्कॉकचे तसे नाही. तो कोणत्याही चित्रकथेतून आलेला नाही, थेट पडद्यासाठी लिहिला गेला आहे, आणि त्याचा दोष परिस्थितीवर ढकलता येत नाही. तो उर्मट आहे, बेफिकीर आहे, आणि मदत करतानाही समोरच्याचा पाणउतारा करतो.

असा माणूस आवडावा तरी कसा, हा पहिला अवघड प्रश्न आहे, आणि त्यावर मानसशास्त्राकडे थोडेफार सांगण्यासारखे आहे. एलियट अ‍ॅरन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना प्रश्नमंजूषेतील स्पर्धकाची ध्वनिफीत ऐकवण्यात आली. एक स्पर्धक ९२ टक्के उत्तरे बरोबर देणारा होता, दुसरा जेमतेम ३० टक्के. काही ध्वनिफितींमध्ये शेवटी स्पर्धकाच्या हातून स्वतःच्या कपड्यांवर कॉफी सांडल्याचे ऐकू येत होते. हुशार स्पर्धकाच्या हातून कॉफी सांडली, तेव्हा तो ऐकणाऱ्यांना अधिक आवडला. सामान्य स्पर्धकाच्या हातून सांडली, तेव्हा तो होता त्याहून कमी आवडला. कर्तबगार माणसाची छोटी चूक त्याला आपल्या जवळ आणते, असा याचा सर्वसाधारण अर्थ लावला जातो.

इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे, कारण सदोष नायकांवर लिहिताना हा प्रयोग फार सैलपणे वापरला जातो. कॉफी सांडणे हा अपघात आहे आणि त्याचा त्रास स्वतःलाच होतो. हॅन्कॉकच्या बेफिकिरीचा त्रास दुसऱ्यांना होतो. त्यामुळे केवळ ‘चुकणारा माणूस जवळचा वाटतो’ एवढ्यावर त्याची लोकप्रियता समजावता येत नाही, आणि काही प्रेक्षकांना तो सुरुवातीपासूनच का रुचला नाही, हेही याच फरकात दडलेले आहे.

डॉल्फ झिलमन या संशोधकाची १९७० च्या दशकातली मांडणी इथे अधिक उपयोगी पडते. तिचा आशय सोप्या शब्दांत असा सांगता येईल, की गोष्ट पाहताना प्रेक्षक स्वस्थ बसलेला नसतो. हे वागणे बरोबर, हे चूक, असा निवाडा तो सतत करत असतो, आणि ज्याच्या बाजूने निवाडा झाला त्याचे भले व्हावे, ज्याच्या विरुद्ध झाला त्याला शासन व्हावे, अशी त्याची इच्छा बनत जाते. शेवट या इच्छेला धरून झाला की समाधान वाटते. मग दारू पिऊन शहराची मोडतोड करणाऱ्याचे भले व्हावे, असे आपल्याला का वाटू लागते? चित्रपट त्यासाठी हळूहळू जामीन गोळा करतो. मोडतोड प्रचंड होते, पण रक्तबंबाळ बळी पडद्यावर दिसत नाहीत. रे हा मनाने निर्मळ माणूस त्याच्यावर विश्वास टाकतो, आणि आपण रेवर विश्वास टाकलेला असतो. रेच्या लहान मुलाला तो आवडतो. शिवाय विल स्मिथविषयी प्रेक्षकाच्या मनात आधीपासून असलेला जिव्हाळा हाही मोठा जामीनच आहे. हीच भूमिका अनोळखी चेहऱ्याच्या नटाने केली असती, तर पहिल्या वीस मिनिटांत कितीतरी प्रेक्षकांनी पाठ फिरवली असती, असे मला वाटते.

पूर्वार्ध का आवडतो

रे हॅन्कॉकला सुचवतो की त्याने स्वतःहून तुरुंगात जावे. लोकांना त्याची उणीव भासू दे, मग ते बोलावतील. या तुरुंगातला एक छोटा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. कैदी बास्केटबॉल खेळत आहेत, चेंडू कुंपणाबाहेर जातो, आणि हॅन्कॉक एका उडीत बाहेर जाऊन चेंडू घेतो. पहारेकरी बंदुका रोखतात. तो चेंडू घेऊन पुन्हा आत येतो. या माणसाला कोणतीही भिंत अडवू शकत नाही, तो आत आहे तो केवळ त्याने आत राहायचे कबूल केले म्हणून, हे चित्रपट एका शब्दाचे भाषण न देता सांगून जातो.

त्यानंतर बँकेवरच्या दरोड्याचे दृश्य येते. रेने त्याला जमिनीवर अलगद उतरायला शिकवले आहे, आणि पोलिसांना ‘छान काम केलेत’ असे म्हणायलाही. अंगाला घट्ट बसणारा चामडी पोशाख घातलेला हॅन्कॉक गोळीबाराच्या मधोमध उतरतो, आणि भेटेल त्या पोलिसाला पाठ केलेल्या धड्यासारखे ‘छान काम’ म्हणत सुटतो. एक महिला पोलीस जखमी होऊन पडली आहे, वर गोळ्या सुटत आहेत. तिला उचलण्याआधी तो तिच्या अंगाला हात लावण्याची परवानगी मागतो, आणि आपला हेतू वाईट नाही, हेही अवघडून समजावत बसतो. ती ओरडून म्हणते, की मला इथून बाहेर काढ. प्रेक्षक हसतो, पण त्या हसण्यात मायाही असते, कारण सभ्यपणा हा त्याच्यासाठी उडण्याहून अवघड आहे आणि तो तरीही प्रयत्न करतो आहे, हे आपल्याला दिसत असते.

पूर्वार्ध जवळजवळ सगळ्यांना आवडतो, त्याचे कारण इथे आहे. दोष त्याचा स्वतःचा आहे आणि सुधारणाही त्याच्या स्वतःच्या कष्टाची आहे. ज्या महामार्गावर आणि ज्या रुळांवर त्याने शहराचे देणे करून ठेवले, ते तो आता हप्त्याहप्त्याने फेडतो आहे. प्रेक्षकाच्या मनात एक प्रश्न पक्का झालेला असतो: हा माणूस आपले देणे फेडू शकेल का?

कलाटणी, आणि दुसरा प्रश्न

मात्र याच्या जोडीने चित्रपटाने आणखी एक प्रश्न पेरून ठेवला आहे, आणि तो सगळ्यांच्याच ध्यानात राहत नाही. तुरुंगातून बाहेर आल्यावर रे आणि त्याची पत्नी मेरी यांच्यासोबत जेवताना हॅन्कॉक आपली हकिकत सांगतो. सुमारे ८० वर्षांपूर्वी मायामीच्या एका रुग्णालयात तो शुद्धीवर आला. कवटी फुटलेली होती, ती पाहता पाहता भरून आली. स्वतःचे नाव त्याला आठवेना. जाताना परिचारिकेने त्याच्याकडे ‘जॉन हॅन्कॉक’ या शब्दांत सही मागितली, आणि तेच शब्द त्याने आपले नाव म्हणून घेतले. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर जॉन हॅन्कॉक या नेत्याने केलेली ठसठशीत सही इतकी प्रसिद्ध आहे, की अमेरिकी बोलण्यात सहीलाच ‘जॉन हॅन्कॉक’ म्हणतात, हे ठाऊक असल्याशिवाय या गमतीतली वेदना कळत नाही. या माणसाला नावसुद्धा स्वतःचे नाही. त्याच्या खिशात होते ते फक्त च्युइंगगम आणि चित्रपटाची दोन तिकिटे. आणि तेव्हापासून तो स्वतःलाच विचारत आला आहे, की आपण असे किती वाईट असलो पाहिजे, की आपल्याला न्यायला कोणीच आले नाही.

तिकिटे दोन होती. म्हणजे सोबत कोणीतरी होते. ही नोंद ज्या प्रेक्षकाने घेतली, तो पुढच्या कलाटणीसाठी नकळत तयार झालेला असतो.

कलाटणी अशी, की शार्लीझ थेरॉनने साकारलेली मेरी हीही त्याच्यासारखीच अमर आणि बलवान आहे. ते दोघे जोडीजोडीने घडलेल्या एका प्राचीन वंशातले उरलेले शेवटचे दोन जीव आहेत, आणि ते जवळ आले की दोघांची शक्ती ओसरून ते सामान्य मर्त्य माणसे होतात. शतकानुशतके दर वेळी एकत्र आल्यावर त्यांच्यावर हल्ले झाले. मायामीतल्या हल्ल्यानंतर तो बरा व्हावा म्हणून ती निघून गेली. म्हणून त्याला न्यायला कोणी आले नाही.

आता मतभेद कुठून येतो, ते पाहा. ज्याच्या मनात देण्याचा प्रश्न होता, त्याला ही कलाटणी फसवणूक वाटते. इतका वेळ एका माणसाच्या सवयी, उर्मटपणा आणि प्रयत्न यांची गोष्ट चालू होती, आणि अचानक तिची जागा देवदेवतांसारख्या जिवांच्या नियमांनी घेतली. दारू आणि एकटेपणा यांचे कारण स्वभावात नसून हजारो वर्षांच्या विरहात आहे, असे सांगितले की दोषाची मालकी त्याच्याकडून काढून नशिबाकडे जाते. आणि जो दोष आपला नाही, तो सुधारल्याचे श्रेय तरी कसले? या प्रेक्षकाची तक्रार कथा गंभीर झाल्याची नसते. आपण ज्या हिशेबाचे उत्तर पाहायला बसलो होतो, ती वहीच मिटून ठेवली, अशी ती तक्रार असते.

ज्याच्या मनात दोन तिकिटांचा प्रश्न होता, त्याला मात्र ती कलाटणी म्हणजे चित्रपटाचा प्राण वाटते. एका परित्यक्ताला कळते की त्याला टाकले गेले नव्हते, त्याच्या जिवासाठी कोणीतरी दूर झाले होते. या प्रेक्षकांपैकी काही जण मायामीच्या हल्ल्याकडेही बोट दाखवतात. कृष्णवर्णीय पुरुष आणि गौरवर्णीय स्त्री हातात हात घालून चित्रपट पाहायला जातात आणि त्यांच्यावर हल्ला होतो, याचा अर्थ त्या काळातल्या फ्लोरिडात काय असणार, हे चित्रपट उघड बोलत नाही. पण अशा विवाहांना त्या राज्यात १९६७ पर्यंत, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे रद्द करेपर्यंत बंदी होती, हे माहीत असलेल्याला ते वाक्य कानाआड करता येत नाही. त्या प्रेक्षकासाठी ‘दोघे एकत्र आले की जग त्यांच्यावर तुटून पडते’ हा पुराणकथेतला नियम राहत नाही, त्याला इतिहासाचे वजन येते.

माझे स्वतःचे मत विचाराल तर कलाटणी चुकलेली नाही, ती घाईत उरकली आहे. जे नियम अंगावर यायला हवे होते, ते मेरीच्या तोंडून भराभर सांगून टाकले जातात. खलनायक म्हणून येणारा बँक दरोडेखोर या दोघांच्या तोलाचा नाही. सर्वांत खटकते ते हे, की ज्या रेने या माणसाला उभे केले, त्याला स्वतःच्या घरातले एवढे मोठे सत्य समजल्यावर क्षणभर थबकायलाही वेळ दिलेला नाही. जेसन बेटमनने ज्या साधेपणाने ती भूमिका केली आहे, ती पाहता ही मोठी हानी आहे. हे असे का झाले असावे, याचा अंदाज चित्रपटाच्या घडणीवरून बांधता येतो. वी व्हिन्सेंट न्गो यांची मूळ पटकथा १९९६ मधली आणि बरीच काळोखी होती. नंतर विन्स गिलिगन यांनी तिचे पुनर्लेखन केले, दिग्दर्शक म्हणून एकामागून एक नावे आली आणि गेली, आणि अखेर पीटर बर्ग यांनी चित्रपट केला. वयोगट ठरवणाऱ्या मंडळाकडून आधी ‘आर’, म्हणजे १७ वर्षांखालच्यांना मोठ्या माणसाच्या सोबतीशिवाय प्रवेश नाही, असा शेरा मिळाला, आणि काटछाट करून तो ‘पीजी-१३’ वर आणला गेला. इतक्या हातांतून गेलेल्या गोष्टीत दोन वेगवेगळ्या चित्रपटांचे सांधे दिसावेत, हे समजण्यासारखे आहे. त्यातच जाहिरातींनी मुख्यतः विनोदी मोडतोड दाखवली होती आणि कलाटणी झाकून ठेवली होती. हसायला आलेल्या प्रेक्षकाला रुग्णालयातल्या रक्ताची तयारी नव्हती.

आणखी एक गोष्ट मतांवर परिणाम करते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना एकदा ६० सेकंद १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात हात ठेवायला लावला, आणि दुसऱ्यांदा तितकाच वेळ ठेवून वर आणखी ३० सेकंद पाणी हळूहळू एका अंशाने कमी गार केले. दुसऱ्या खेपेत एकूण त्रास जास्त होता, तरीही पुन्हा कोणता प्रकार कराल, असे विचारल्यावर बहुतेकांनी तोच निवडला, कारण त्याचा शेवट कमी बोचरा होता. अनुभवाची आठवण ही त्यातल्या क्षणांची बेरीज नसते. सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट, हे दोन तिला घडवतात. गार पाण्यावरून चित्रपटाविषयी फार ताणू नये, पण पूर्वार्धावर मनापासून हसलेला माणूस बाहेर पडताना ‘बिघडवला’ असे का म्हणतो, याचे काही अंशी तरी उत्तर यात आहे.

आकडा काय सांगतो आणि काय लपवतो

हे सगळे मतभेद अखेर एका आकड्यात येऊन बसतात, आणि तो आकडा चुकीचा वाचला जातो. परीक्षणे एकत्र करणाऱ्या ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळावर समीक्षकांचा ‘हॅन्कॉक’विषयीचा आकडा ४० टक्क्यांच्या आसपास आहे. याचा अर्थ समीक्षकांनी त्याला १०० पैकी ४० गुण दिले, असा नाही. तिथे प्रत्येक परीक्षण अनुकूल की प्रतिकूल एवढेच पाहिले जाते आणि अनुकूल परीक्षणांची टक्केवारी काढली जाते. ती ६० किंवा अधिक असेल तर चित्रपट ताजा, नाहीतर सडका. आता कल्पना करा, की १०० समीक्षकांनी एखाद्या चित्रपटाला १० पैकी ६ गुण दिले आणि ते सारे अनुकूल धरले गेले, तर आकडा येईल १००. दुसऱ्या चित्रपटाला ५५ जणांनी १० पैकी १० दिले आणि ४५ जणांनी ४, तर सरासरी ७.३ म्हणजे पहिल्याहून जास्त, पण आकडा येईल ५५ आणि चित्रपट सडका ठरेल. माणसांना दोन बाजूंना खेचणारा चित्रपट या पद्धतीत असा तोट्यात जाऊ शकतो.

सरासरीची पद्धतही निर्दोष नाही. मेटाक्रिटिक समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढते आणि काही समीक्षकांना अधिक वजन देते. आयएमडीबीवर प्रेक्षक १ ते १० गुण देतात आणि त्यांची भारित सरासरी दिसते. ‘हॅन्कॉक’ तिथे साडेसहाच्या जवळपास आहे. पाच जणांनी ६ व पाच जणांनी ७ गुण दिले तरी सरासरी साडेसहा, आणि पाच जणांनी ९ व पाच जणांनी ४ दिले तरी साडेसहाच. पहिल्या गटाला चित्रपट ठीकठाक वाटला आहे. दुसऱ्या गटात कोणालाही तो ठीकठाक वाटलेला नाही. ‘हॅन्कॉक’ दुसऱ्या प्रकारात मोडतो, असे त्याच्याविषयीची मते वाचताना जाणवते, आणि म्हणून त्याच्या बाबतीत सरासरीपेक्षा गुणांचे वाटप पाहणे अधिक शहाणपणाचे.

मत कधी नोंदवले गेले, हेही पाहावे. २००८ च्या त्या उन्हाळ्यात २ मे रोजी ‘आयर्न मॅन’ आला होता आणि १८ जुलैला ‘द डार्क नाइट’ आला. एक हलकाफुलका असूनही घट्ट बांधलेला, दुसरा गंभीर असूनही सुसंगत. त्यांच्या मधोमध सापडलेला ‘हॅन्कॉक’ तेव्हाच्या प्रेक्षकाला विस्कळीत वाटला, यात नवल नाही. आज तो प्रथमच पाहणाऱ्याच्या मागे सुपरहिरोपटांची इतकी मोठी रांग आहे, की जुना आराखडा नसलेली, पुढच्या दहा चित्रपटांची जाहिरात न करणारी, दीड तासात संपणारी गोष्ट त्याला मोकळ्या हवेसारखी वाटू शकते. चित्रपट तोच आहे. शेजार बदलला आहे.

त्यामुळे एखाद्याचे मत वाचताना गुण बाजूला ठेवून तो कोणत्या प्रसंगाविषयी बोलतो आहे, ते शोधावे. तो बाक, मालगाडी, तुरुंग, बँक यांविषयी भरभरून लिहीत असेल आणि मेरीच्या उलगड्यापाशी त्याची वाक्ये तुटक होत असतील, तर तो देण्याचा हिशेब घेऊन बसलेला प्रेक्षक आहे. तो तिकिटांचा, मायामीचा उल्लेख करत असेल, तर तो दुसऱ्या वाटेने आलेला आहे. आपण स्वतः कोणत्या वाटेचे आहोत, हे ज्याला कळले, त्याला दोघांचीही मते उपयोगी पडतात.

शेवटाजवळ रुग्णालयात मेरी मरणाच्या दारात आहे आणि हॅन्कॉकही गोळ्या लागून रक्तबंबाळ झालेला आहे. तो जवळ असेपर्यंत ती वाचणार नाही. तो धडपडत खिडकीपर्यंत जातो, बाहेर झेप घेतो आणि कोसळतो. पुन्हा उठतो, पुन्हा झेपावतो, पुन्हा पडतो, आणि प्रत्येक झेपेसरशी तिच्यापासूनचे अंतर थोडे वाढते आणि दोघांच्याही अंगात थोडे बळ परत येते. चित्रपट नावडलेल्यांपैकीही अनेकांना हे दृश्य लख्ख आठवते. सुरुवातीला कोणालाच जवळ येऊ न देणारा माणूस इथे पुन्हा एकटा होतो आहे, पण या वेळी ते एकटेपण त्याने स्वतः, एकेक पडझड सोसून, दुसऱ्यासाठी पत्करलेले आहे.